क्वेकर पंथ

क्वेकर पंथ : सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेला एक ख्रिस्ती पंथ. त्याचे अधिकृत नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ म्हणजे ‘धार्मिक मित्रसमाज’ असे आहे. ‘मित्र’ ही संज्ञा योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने शिष्यांना उद्देशून वापरलेल्या संबोधनावरून घेतलेली आहे. ‘क्वेकर’ म्हणजे कंप पावणारा. पंथसंस्थापक जॉर्ज फॉक्स याने १६५० मध्ये डर्बी येथील न्यायाधीशास देवाच्या वचनापुढे थरथर कापण्यास सांगितले, तेव्हा त्या न्यायाधीशाने उपहासाने हे नाव प्रथम योजिले, असे फॉक्सच्या आत्मवृत्तात नमूद आहे. पुढे अनुयायांनीही ते स्वीकारले. या पंथाची अनुयायिसंख्या नेहमीच मर्यादित राहिली. तथापि बायबलमधील शिकवण बोलणे, वेशभूषा, व्यापार, न्यायालय व राज्यकारभार अशा नित्याच्या व्यवहारांत जशीच्या तशी आचरण्याचा जो प्रयत्न त्याने केला, त्यामुळे ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात त्यास विशेष स्थान प्राप्त झाले.

उदय व तत्त्वे : जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) हा लेस्टरशर परगण्यातील एका विणकराचा मुलगा. तरुणपणी त्याने चर्मकाराकडे उमेदवारी केली. यादवी युद्धाच्या त्या काळात धर्मोपदेशकांच्या वचनात व वर्तनात त्याला आढळलेल्या विसंगतीमुळे तो अस्वस्थ झाला आणि घर सोडून भटकू लागला. १६४७ च्या सुमारास त्याला असा आत्मप्रत्यय आला, की ख्रिस्त प्रत्येक व्यक्तीच्या अंतःकरणाशी प्रत्यक्ष बोलतो व त्यासाठी पुरोहिताच्या मध्यस्थीची आवश्यकता नाही. १६५२ मध्ये उत्तर इंग्लंडमधील त्याच्या प्रवचनांना मोठा प्रतिसाद मिळाला. स्वार्थमोर येथील मार्गारेट फेल (१६१४–१७०२) या विदुषीच्या घरी पंथाचे पहिले केंद्र स्थापन झाले. पुढे वैधव्यकाळात तिने १६६९ मध्ये फॉक्सशी विवाह केला. स्त्रियांना धर्मोपदेशाचा अधिकार आहे, हे तिने बायबलच्या आधारे प्रतिपादन केले.

प्रत्येक मानवात ईश्वरी प्रकाश वसतो, हा पंथाचा मूलभूत सिद्धांत होय. त्यामुळे बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे बाह्य संस्कार त्याने वर्ज्य मानले. पारंपरिक क्वेकर उपासनेत सर्वजण मौन धारण करून बसतात आणि ज्यास अंतःप्रेरणा होईल तो स्त्री वा पुरुष उभा राहून थोडके बोलतो. सभेचे निर्णय मतदानाने न घेता, सर्वांचे मत एका दिशेने वळेपर्यंत विचारविनिमय करून घेतले जातात.

आचारधर्म : उपासनेपुरता एक दिवस राखून इतर दिवशी लोकरीतीने वागावे, हे क्वेकरांना मान्य नव्हते. मत्तयकृत शुभवर्तमानातील गिरिप्रवचनात व याकोबाच्या पत्रात शपथ वाहण्याचा निषेध केलेला असून होकार वा नकार एवढेच सत्यवचनास पुरेसे मानलेले आहे. त्यानुसार क्वेकरांनी न्यायालयात शपथ घेण्यास नकार दिला. शपथ घेतल्यास, एरवीचे आपले बोलणे कमी खरे असते असे मान्य केल्यासारखे होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. याकोबाच्या पत्रातच श्रीमंत व गरीब यांत भेद करू नये, असा उपदेश आहे. त्यास अनुसरून ते कोणाहीपुढे टोपी काढीत नसत. तत्कालीन इंग्रजीत थोरामोठ्यांना बहुवचनी सर्वनामाने संबोधण्याची रीत होती. क्वेकर मात्र सरदार व न्यायाधीश यांनाही एकेरीच संबोधीत. मराठी समाजात वडीलधाऱ्यांस ‘तू’ म्हटल्याने जो क्षोभ होईल, त्यावरून या वर्तनाची तीव्रता ध्यानात येते. वार व महिने यांची नावे मूर्तिपूजक दैवतांवरून आलेली असल्याने त्यांनी ‘पहिला दिवस’, ‘पहिला महिना’ अशी गणना रूढ केली.

राजसत्तेच्या दृष्टीने हे वर्तन केवळ विक्षिप्त नव्हे, तर राजद्रोहाचे द्योतक होते. कारण एकनिष्ठेची शपथ नाकारणारा मनुष्य शत्रुपक्षाचा असावा, असा संशय सहज घेतला जाई. १६६२ च्या क्वेकर अधिनियमाने शपथ नाकारणे व सभा भरविणे दंडनीय ठरविले. हजारो अनुयायी तुरुंगात गेले व अनेकांचा तेथेच अंत झाला. दशमांश कर न दिल्याने गुरेढोरे व भांडीकुंडी जप्त होत. १६७० मध्ये विल्यम पेन (१६४४–१७१८) व विल्यम मीड यांच्यावर लंडनमध्ये खटला भरण्यात आला. ज्यूरीने त्यांना दोषी ठरविण्यास नकार दिला, तेव्हा तिच्या सदस्यांनाच दंड करण्यात आला. दंड न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेल या सदस्याच्या अर्जावर, निर्णयाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. १६८९ च्या सहिष्णुता अधिनियमाने उपासनेचे स्वातंत्र्य दिले व १६९६ मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञापनाची सवलत मिळाली.

व्यापार व उद्योग : शपथेच्या अटीमुळे विद्यापीठे व सरकारी पदे क्वेकरांना बंद होती. साहजिकच ते व्यापारउदिमाकडे वळले. बाजारात घासाघीस करणे ही त्या काळची सर्वमान्य पद्धत होती. परंतु एक किंमत सांगून दुसरी घेणे हे असत्य होय, असे मानून क्वेकर दुकानदार प्रत्येक वस्तूची एकच किंमत सांगत. प्रारंभी गिऱ्हाइके बिचकली. पण लहान मुलाला पाठविले तरी फसवणूक होत नाही, असा अनुभव येताच त्यांचे व्यवहार वाढले. दिवाळखोरी हा नैतिक दोष समजून स्थानिक सभा संबंधिताची चौकशी करी आणि प्रसंगी त्याचे सभासदत्व रद्द करी. या विश्वासार्हतेतून बार्कलेज व लॉइड्स या बँका उभ्या राहिल्या. कोलब्रुकडेल येथे एब्राहम डार्बी याने १७०९ मध्ये कोकच्या साहाय्याने लोखंड गाळण्यात यश मिळविले. फ्राय, कॅडबरी व राउंट्री ही चॉकलेटनिर्मितीतील घराणीही क्वेकरच होत.

गुलामगिरीचा प्रश्न : पंथाच्या तत्त्वांची खरी कसोटी अमेरिकेत लागली. १६८१ मध्ये पेनला पेनसिल्व्हेनिया वसाहतीची सनद मिळाली व तेथे धर्मस्वातंत्र्य देण्यात आले. परंतु पेनसह अनेक सधन क्वेकरांच्या घरी गुलाम होते. १६८८ मध्ये जर्मनटाउन येथील चौघांनी, इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे या बायबलवचनाच्या आधारे गुलामगिरीविरुद्ध निवेदन दिले. वरिष्ठ सभांनी ते बाजूला ठेवले.

या प्रश्नास पुढे चालना देणाऱ्यांत जॉन वुलमन (१७२०–७२) हा प्रमुख होय. न्यू जर्सीत दुकानात नोकरीस असता मालकाने त्यास एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले. पण ही प्रथा ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याच वेळी बोलून दाखविले. विक्रीखत लिहिल्याची खंत त्यास राहिली व पुढे त्याने अशी कामे नाकारली. व्यापार वाढून मन त्यातच गुंतू लागल्यावर त्याने तो कमी करून शिंपीकाम पतकरले. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी मुक्काम केल्यास तो गुलामांच्या सेवेचे पैसे देई. गुलामांच्या श्रमाची साखर त्याने सोडली व बिनरंगी कपडे वापरले. कोणावर कठोर आरोप न करता घरोघरी जाऊन सदसद्‌विवेक जागविणे, ही त्याची पद्धती होती. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांना सभेच्या कामकाजातून वगळण्याचे ठरविले व १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांचे सभासदत्व रद्द करण्याचा निर्णय घेतला. जर्मनटाउनच्या निवेदनापासून या निर्णयापर्यंत ८८ वर्षे लोटली. १७८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गुलामव्यापारविरोधी समितीच्या १२ संस्थापक सदस्यांपैकी ९ क्वेकर होते. तथापि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना सभासद करून घेण्यास अनेक सभा दीर्घकाळ कचरत राहिल्या.

हा प्रश्न विसाव्या शतकातही नव्या रूपाने उभा राहिला. साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरील कोको गुलामसदृश मजुरांकडून पिकविला जातो, हे कॅडबरी कंपनीला १९०१ मध्ये समजले. परंतु तेथील खरेदी तिने १९०९ मध्ये थांबविली. या विलंबावर टीका करणाऱ्या वृत्तपत्राविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा कंपनीने जिंकला. पण ज्यूरीने भरपाई म्हणून तिला केवळ एक फार्दिंग देवविला.

सामाजिक कार्य : १६६० च्या घोषणापत्रापासून (नव्या कालगणनेनुसार जानेवारी १६६१) युद्धविरोध हे पंथाचे वैशिष्ट्य राहिले. १७५६ मध्ये मूळ रहिवाशांशी युद्ध पुकारले गेले असता अनेक क्वेकर प्रतिनिधींनी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील जागा सोडल्या. यॉर्क येथे विल्यम ट्यूक याने १७९६ मध्ये मनोरुग्णांना साखळदंडांविना ममतेने वागविणारे निवासस्थान सुरू केले. एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) हिने न्यूगेट तुरुंगातील स्त्रीकैद्यांच्या सुधारणेस वाहून घेतले. महायुद्धकाळातील व त्यानंतरच्या मदतकार्याबद्दल क्वेकरांच्या ब्रिटिश व अमेरिकन सेवासंस्थांना १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होशंगाबाद (सध्याचे नर्मदापुरम) परिसरात क्वेकर मिशनचे कार्य सुरू झाले. होरेस अलेक्झांडर (१८८९–१९८९) हे महात्मा गांधींचे निकटचे स्नेही होते. मार्जरी साइक्स (१९०५–९५) यांनी स्वातंत्र्योत्तर काळात वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नयी तालीमच्या कार्यात भाग घेतला. शरीरश्रम, साधी राहणी व अहिंसा यांवरील गांधींचा भर क्वेकरांना परका वाटला नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पंथात फूट पडली आणि काही शाखांनी पाळक व नियोजित उपासना स्वीकारली. एकेरी संबोधन व विशिष्ट वेश आता बहुतांशी लुप्त झाले आहेत. जगातील सुमारे चार लाख अनुयायांपैकी मोठा भाग आफ्रिकेत, विशेषतः केन्यात आहे. सभांमधून सभासदांपुढे नियमितपणे प्रश्नावली वाचण्याची प्रथा अनेक ठिकाणी टिकून आहे. आपले व्यवहार प्रामाणिक आहेत काय, आपल्या उपभोगामुळे इतरांवर अन्याय होतो काय, अशा स्वरूपाच्या या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने स्वतःशीच द्यावयाची असतात.