धुराचा दाखला

पनवेल हे गाव मूळचेच वाहनांचे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात येऊ लागला, मुंबईहून मचव्याने आलेला उतारू येथेच उतरून पुण्याची वाट धरू लागला. आणि या वर्दळीच्या आश्रयाने गाड्यांची चाके घडविण्याचा जो धंदा गावात रुजला, त्याची दखल इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनाही घ्यावी लागली. १८५२ साली गावाला नगरपालिका मिळाली; १८६३ साली लोहमार्ग घाट चढून गेला आणि हा व्यापार ओसरला. पुढे मोटारीने रस्त्याला त्याचे गतवैभव परत दिले; परंतु बैलगाडीला कधी न लागलेला एक दाखला मोटारीच्या मागे लागला, तो तिच्या धुराचा.

या दाखल्याचा इतिहास जीपगाडीच्या चरित्राशी ताडून पाहिला असता विशेष बोधप्रद ठरतो. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत निर्माण झालेली, चारही चाकांना जोर देणारी विलिज जीप हिंदुस्थानात आली ती पलटणींच्या बरोबर. युद्ध संपल्यावर जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत १९४५ साली स्थापिलेली आणि फाळणीनंतर १९४८ साली ‘महिंद्र आणि महिंद्र’ या नावाने पुढे चाललेली पेढी सुटे भाग आणून मुंबईत माझगावला तिची जुळणी करू लागली. मामलेदाराचा दौरा असो, फौजदाराचा तपास असो की जंगल खात्याची पाहणी असो, सरकारी स्वारी म्हणजे जीप हे समीकरण कित्येक वर्षे अबाधित राहिले. पेट्रोल महागले तशी जीप डिझेलकडे वळली. ऐंशीच्या दशकात फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले इंजिन ‘एमएम ५४०’ सारख्या गाड्यांत बसले. आणि लष्कराने मोडीत काढलेल्या, जबलपूरला बनलेल्या ‘जोंगा’ गाड्याही लिलावांतून हौशी लोकांच्या हाती आल्या. माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या धोदाणी किंवा मालडुंगे गावांच्या वाटा पावसाळ्यात ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पनवेल तालुक्यात या गाड्यांविषयी एवढे ममत्व का, हे निराळे सांगावयास नको.

धुरावर सरकारची नजर मात्र प्रथम मोटारीच्या निमित्ताने पडलेली नाही. मुंबई इलाख्यात १९१२ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला, तो गिरण्यांच्या चिमण्या व भट्ट्या यांच्यासाठी. मोटारीच्या धुराकडे कायदा गांभीर्याने वळला तो फार उशिरा. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने वाहनांच्या धुराची मर्यादा अंमलात आणण्याविषयी नोंदणी अधिकाऱ्यांना सूचना देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला; पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली केंद्रीय नियम झाले आणि त्यांतील ११५ व्या नियमाने धुराला आकडा लावला. चारचाकी पेट्रोल गाडी उभ्या जागी मंद चालीत असता तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ हून अधिक नसावा, आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता हार्ट्रिज मापाने ६५ च्या वर जाऊ नये, असे ठरले. २००४ साली पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत हायड्रोकार्बनची भर पडली. जुन्या चारचाकीला दशलक्ष भागांत १५०० एवढी मुभा राहिली, तर पुढे आलेल्या भारत-४ या धूर-मानकाच्या गाडीला केवळ २००. म्हणजे प्रत्येक गाडीचा न्याय तिच्या जन्मकाळाच्या मापानेच करावा, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दाखल्याची सांगड विम्याच्या नूतनीकरणाशी घातली, आणि तोवर काचेमागे पडून राहणाऱ्या त्या कागदाला, अर्थात ‘पीयूसी’ला, खरे वजन आले; ती सांगड मात्र २०२४ साली न्यायालयानेच सोडविली.

आता जुनी डिझेल जीप या कसोटीला उतरते कशी? इंजिन चांगले तापवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबावयाचा आणि सायलेन्सरात घातलेल्या नळीवाटे धुराची घनता मोजावयाची, असे या परीक्षेचे स्वरूप. त्या एका क्षणात इंजिनात डिझेल किती पडते आणि ते जाळण्यास हवा किती मिळते, यावर सारा निकाल अवलंबून. म्हणून अनुभवी मिस्त्री प्रथम हवेची जाळी पाहतो. जुन्या जीपच्या तेलाच्या एअर फिल्टरमध्ये धुळीचा चिखल साचलेला असला तर तेवढे साफ केल्यानेच धूर पुष्कळ उतरतो. त्यानंतर नोझल तपासावयाचे, कारण डिझेलची वाफेसारखी फवार न पडता धार पडू लागली की ते अर्धवट जळून काळा धूर होतो. मग पंपाचे कॅलिब्रेशन आणि टायमिंग. धूर निळसर असेल तर मात्र दोष निराळा, कारण रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजून इंजिन ऑइल जळत असते, आणि तेथे इंजिन उघडल्यावाचून गत्यंतर नाही. पेट्रोल जीपची गोष्ट काहीशी सोपी: स्वच्छ प्लग, नीट बसविलेला पॉइंट आणि कार्ब्युरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूची मोजकी फिरवणी. परीक्षेपुरता पंप कमी करून घेण्याची आणि दाखला हाती पडताच तो पूर्ववत करण्याची युक्तीही सर्वश्रुत आहे. परंतु तीत दाखल्याची आणि गाडीची, दोहोंचीही फसवणूक होते.

याच्या समांतर कायद्याची दुसरी दृष्टी चालत आली आहे, ती वयाची. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे. पुढे दर ५ वर्षांनी ‘पासिंग’ करून तिची मुदत वाढवावयाची, आणि २०२२ साली मोटारगाडीसाठी या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० वरून ५००० रुपयांवर गेले. राजधानी दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना सरसकट मज्जाव केला. पनवेलच्या ‘एमएच ४६’ च्या पाटीला तो हुकूम लागू नाही. धूर मोजून, म्हणजे वर्तन पाहून, न्याय करणे हे केवळ जन्मवर्ष पाहून शिक्षा करण्याहून श्रेयस्कर, असे सामान्यतः वाटते; तथापि या वर्तनाच्या परीक्षेलाही मर्यादा आहेत. नायट्रोजनची ऑक्साइडे किंवा अतिसूक्ष्म कण तिच्या मापात येत नाहीत, त्यामुळे दाखला मिळालेली जीप निगा राखलेली ठरते, निर्दोष ठरत नाही.

शिवाय हवेला अपाय होतो तो धुराच्या घनतेने नव्हे, तर घनता आणि वापर यांच्या गुणाकाराने. आणि पावसाळ्यात चार वेळा चिखल तुडविणारी जीप व रोज उतारू वाहणारी जीप यांना आजचा दाखला एकाच आकड्याने मोजतो. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी जी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तीत प्रदर्शन, मेळावे, इंधन व देखभाल अशा प्रसंगांपुरतीच गाडी रस्त्यावर आणण्याची अट आहे. म्हणजे वापराचे माप कायद्याला अपरिचित राहिलेले नाही. तेच माप पंधरा ते पन्नास या मधल्या वयाच्या गाड्यांना लावले, आणि निगेच्या दाखल्याबरोबर वर्षाच्या धावेचीही मर्यादा नोंदवून घेतली, तर मालकाला आपली जीप राखता येईल आणि शेजाऱ्याला त्याविरुद्ध तक्रार करण्यास फारशी जागा उरणार नाही.