यंत्र, गुरुजी आणि गाडीवाटचीं मुलें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत शाळेविषयीं चार शब्द यावे हें रीतीस धरूनच आहे. परंतु इमारती व परीक्षांचे निकाल बाजूस ठेवून आम्हीं यंदां निराळ्या गोष्टीचा मागोवा घेण्याचें योजिलें आहे. शिकविण्याचीं नवीं साधनें आमच्या मराठी मुलांपर्यंत कशीं आलीं, आणि तीं पोहोंचविण्याकरितां शिक्षकांस काय काय करावें लागलें, ही ती गोष्ट होय. हल्लीं वर्गांतील पडदा, संगणक व मोबाईल फोन यांविषयीं असें बोललें जातें कीं, जणूं शिक्षकाची व यंत्राची ओळख कालपरवांच झाली. वस्तुतः ती चारशें वर्षांहून जुनी आहे.

हिंदुस्थानांत पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यास आला. पुढें १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरले. मराठी त्यांनीं अशी आत्मसात् केली कीं, त्यांचें क्रिस्तपुराण आजहि आमच्या भाषेचें भूषण मानलें जातें. या भूमीच्या भाषेंतील पुस्तकें तिच्याच लिपींत छापलीं जावीं ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ सालीं रोमेस आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ती बोलून दाखविली, आणि अडचणहि सांगितली. रोमन लिपीस चोवीस साचे पुरतात. येथील लिपीस सुमारें सहाशें लागावयाचे. ते ओतणार कोण? शेवटीं १६१६ सालीं रायतूर येथें क्रिस्तपुराण छापलें गेलें तें रोमन अक्षरांत.

याचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. यंत्र आलें खरें, पण त्याच्यापुढें उभें राहण्यासाठीं भाषेसच आपला वेष बदलावा लागला. मराठीचें पुस्तक देवनागरी टाइपांत निघण्यास १८०५ साल उजाडलें. तें डॉ. विल्यम कॅरे यांचें व्याकरण, आणि तेंहि छापलें गेलें दूर बंगाल्यांत, श्रीरामपुरास! मधल्या दोन शतकांत आमचीं मुलें धूळपाटीवरच अक्षरें गिरवीत राहिलीं.

पुढचा भाग धांवताच सांगतों. १९८४ सालीं पुण्यास ‘बालचित्रवाणी’ संस्था निघाली व दूरचित्रवाणीकरितां मराठी पाठ तयार होऊं लागले. परंतु पडद्यावरील गुरुजींस शंका विचारतां येत नसे, व मूल मागें राहिलें तरी ते थांबत नसत. २०१७ सालीं ती संस्था बंद झाली. त्याच सुमारास राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड, म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, छापला जाऊं लागला. त्यास मोबाईल दाखविला कीं धड्याची चित्रफीत दिसते, कविता ऐकूं येते, आणि मुलास ती वाटेल तितक्या वेळां मागें फिरवितां येते. ही युक्ति प्रथम आपल्या वर्गांत करून पाहिली ती सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं. २०२० सालीं त्यांस दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली.

पण तो चौकोन वाचणारा फोनच घरीं नसेल तर? मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद होतांच हा प्रश्न खेडोपाडीं उभा राहिला. फोन असलाच तर तो बापाच्या खिशांत, आणि बाप शेतावर.

आमच्या शहरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर गाडीवाट नांवाचें खेडें आहे. त्या वेळीं गांवास धड रस्ता नव्हता, पण इंटरनेट पोहोंचलें होतें. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें सप्टेंबर २०१९ मध्यें चौथी ते आठवीच्या मुलांस विचारलें, “तुम्हांस कोणती परदेशी भाषा शिकावयाची आहे?” बहुतेकांचें उत्तर आलें, जपानी. कां, तर त्यांस यंत्रमानवाच्या विद्येची गोडी लागली होती! शाळेंत जपानीचें पुस्तक नव्हतें, कीं मार्गदर्शक नव्हता. दुसऱ्या एखाद्या शाळेनें मुलांची समजूत घालून विषय मिटविला असता, आणि त्याबद्दल तिला कोणी दोषहि दिला नसता. येथील शिक्षकांनीं मात्र इंटरनेटवरील चित्रफिती व भाषांतराचीं साधनें धुंडाळून धडे जमविले. हें कळल्यावर शहरांतील एक भाषाभ्यासक आपण होऊन पुढें आले, व जुलै २०२० पासून त्यांनीं इंटरनेटवरून विनामूल्य वर्ग घेण्यास आरंभ केला. शाळेंतील सुमारें साडेतीनशें मुलांपैकीं सत्तर जण जपानी शिकूं लागले.

या सर्वांपाशींहि फोन नव्हते. तेव्हां शाळेनें ‘विषयमित्र’ ही योजना काढली. ज्यास वर्गास बसावयास मिळालें, त्यानें तो पाठ न मिळालेल्या सोबत्यांस शिकवावयाचा. आमच्या मतें या सबंध इतिहासांत याहून मोलाची युक्ति दुसरी नाहीं. ती अगदीं नवी आहे असेंहि नव्हे. मद्रासच्या अनाथालयांत अँड्र्यू बेल यांनीं मुलांकडूनच मुलांस शिकवून शाळा चालविली, आणि १७९७ सालीं पुस्तक छापून ती पद्धति इंग्लंडांत नेली. त्यांच्या मुलांपुढें वाळू होती, गाडीवाटच्या मुलांपुढें मोबाईल. जपानीचा धडा शहरांतून गांवापर्यंत तारेवांचून येई. तेथून पुढें तो एका मुलाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं जात असे.