अठरा टिंबांचा भंडारा

सी भाषेत ‘भंडारा’ हा शब्द साठवून त्याची मेमरी हेक्सडम्पमध्ये उघडली, की डावीकडे ‘ई० ए४ एडी’ अशा जोड्या दिसतात. उजवीकडे, जिथे शब्द वाचता यावा, तिथे नुसती टिंबं. सोळा पहिल्या ओळीत, दोन खाली. ही टिंबं आली कुठून?

मेमरी उघडी पाहण्याची सोय तशी जुनीच. १९४८ साली मँचेस्टरच्या ‘बेबी’ संगणकाची स्मृती कॅथोड किरण नळीत होती आणि तिचे १,०२४ बिट पडद्यावर दिसत: शून्याला ठिपका, एकाला रेघ. पुढे फेराइटच्या बारीक कड्या आल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफरॅक संगणकात अशा कड्यांत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. कडी म्हणजे ‘कोअर’. कड्या गेल्या, तरी कोसळलेल्या प्रोग्रामची मेमरी फाइलीत उतरते तिला आजही ‘कोअर डम्प’च म्हणतात.

बिटांची लांबलचक माळ वाचवेना, म्हणून तीन-तीन बिटांमागे एक अंक लिहू लागले. १९७१च्या युनिक्समधली ‘ओडी’ आज्ञा म्हणजे ऑक्टल डम्प. पण १९६४ साली आयबीएमच्या सिस्टिम/३६० पासून आठ बिटांचा बाइट रुळत गेला. त्याचे चार-चारचे दोन भाग पडतात. एकेका भागाला सोळा चिन्हं लागतात, म्हणून नऊच्या पुढे ए ते एफ. हेच हेक्स.

उजवा रकाना मात्र अमेरिकेच्या आस्की या अक्षरसंकेताचा राहिला: सात बिट, १२८ जागा. त्याबाहेरचा बाइट आला, की टिंब. भारताच्या १९९१च्या इस्की मानकाने वरच्या मोकळ्या जागेत आपल्या लिप्या बसवल्या. तिथे ‘भंडारा’ सहा बाइटांचा. युनिक्सच्याच केन थॉम्पसनने रॉब पाइकसोबत १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट. साही त्रिक अठरा.

एक खोच सीमध्येच आहे. अनेक यंत्रांवर अक्षर साठवणारा साधा ‘कॅर’ हा प्रकार ऋण संख्याही धरतो. मग ‘ई०’ ऋण ठरतो आणि हेक्समध्ये छापताना त्याच्या आधी सहा ‘एफ’ येतात. इंग्रजी मजकुरावर ही चूक दिसतच नाही, मराठीच्या पहिल्याच अक्षराला उघडी पडते. तिथे ‘अनसाइन्ड कॅर’ हवा.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. भांड्यावर नाव घालतात तेही टिंबाटिंबांनीच. तिथे टिंबं जोडत नाव वाचायचं. इथे टिंब दिसलं, की नजर डावीकडे न्यायची.