जिउ-जित्सू, ब्राझिलियन : हौशी प्रौढांचा सराव

प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणून, पकडीत धरून, त्याचा सांधा पिळून किंवा मान आवळून हार कबूल करायला लावणारा कुस्तीप्रकार. ठोसे आणि लाथा यांना त्यात जागा नाही. तो शिकणाऱ्यांत पेशाने लढणारे थोडे. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी येणारे प्रौढ जास्त, आणि त्यांच्याच फीवर बहुतेक केंद्रे चालतात. प्रस्तुत नोंद त्यांच्या सरावापुरती आहे.

या प्रकाराचे मूळ जपानी जूदोत आहे. जूदोचे जनक जिगोरो कानो (1860–1938) यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी मोकळ्या लढतीतून वगळले. त्यामुळे उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर पूर्ण ताकदीने आणि रोजच्या रोज करता येऊ लागले. आज हौशी माणसाला या खेळातून जे मिळते, त्याचा पाया कानोंच्या या काटछाटीनेच घातला. कोदोकानचे मित्सुयो माएदा (1878–1941) देशोदेशी कुस्त्या करत 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलेंम शहरात स्थिरावले. त्यांच्याकडून हा वारसा तिथल्या ग्रेसी कुटुंबाकडे आला. कार्लोस ग्रेसी यांनी 1925 मध्ये रिओ द जानेरोत शाळा उघडली. त्यांचे धाकटे भाऊ एलिओ (1913–2009) शरीराने किरकोळ होते. पाठीवर पडून, पायांच्या विळख्यात वरच्याला अडकवून लढण्याच्या तंत्रावर त्यांचा भर राहिला. ग्रेसींकडे पैसेवाली गिऱ्हाइके येत; ओस्वाल्दो फाद्दा यांनी मात्र त्याच रिओच्या उपनगरातल्या गरिबांना शिकवले. खेळाच्या इतिहासात फाद्दांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. जगाचे लक्ष इकडे वळले ते 1993 मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या, वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना एकमेकांशी भिडवणाऱ्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत एलिओ यांचे पुत्र रॉइस यांनी आपल्याहून वजनदार लढवय्यांना शरण आणले.

मराठी वाचकाला हा खेळ आपल्या कुस्तीच्या अंगाने चटकन कळतो, आणि नेमका तिथेच चकवतोही. तालमीत पाठ टेकली की निकाल लागला. इथे पाठ टेकल्यावर लढत रंगात येते. खाली पडलेला माणूस 'गार्ड'मध्ये, म्हणजे दोन्ही पायांच्या आड सुरक्षित असतो आणि तिथूनच उलटवतो किंवा कोपर पिळतो. त्यामुळे तालमीत घडलेला गडी इथे आला, तर जोडीदाराला खाली पाडण्यात सहज सरस ठरतो. पण चीत होण्याच्या धास्तीने पोटावर वळतो आणि मागून मान आवळली जाते. दुसरा फरक वयाचा. तालीम पोरवयात धरायची आणि घरच्यांनी खुराकाची तजवीज करायची, ही आपली रीत. चाळिशीतल्या कारकुनाला लंगोट बांधून वस्तादापुढे उभे राहायला तिथे सोयच नव्हती. ती सोय मुंबई-पुण्यातल्या जिउ-जित्सू केंद्रांनी केली, भले महिन्याची फी काढून.

सरावाचा तास ठरलेल्या वळणाने जातो : अंग तापवणे, दोन-तीन डावांची उकल, जोडीने ते घोटणे आणि शेवटी पाच-सहा मिनिटांच्या मोकळ्या लढती. या लढतींना 'रोलिंग' म्हणतात. सगळी मदार 'टॅप'वर असते. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर हात दोनदा थापटला, किंवा तोंडाने तसे सांगितले, की पकड तत्क्षणी सुटते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून हा संकेत मोडणाऱ्याला कोणी जोडीला घेत नाही. नवखा माणूस सुरुवातीला श्वास रोखतो, मुठी आवळतो, दोन मिनिटांत दमतो आणि हार मानायला लाजतो. बऱ्याच दुखापती या लाजेतून होतात.

दर्जा दाखवणाऱ्या पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा आहे. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांनुसार निळ्यावर किमान दोन वर्षे, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष काढावे लागते. प्रत्यक्षात हौशी माणसाला काळ्यापर्यंत जायला दहा वर्षे सहज लागतात. बरेच जण निळा पट्टा मिळाल्यावर गळतात. महासंघाच्या स्पर्धांत तिशीपासून 'मास्टर' गट सुरू होतात आणि शेवटचा गट एकसष्टच्या पुढच्यांचा असतो. खाली पाडण्याला आणि खालून उलटवण्याला 2 गुण, पायांचा अडसर ओलांडण्याला 3, छातीवर स्वार होण्याला किंवा पाठ काबीज करण्याला 4. अमेरिकी लेखक व बल्लवाचार्य अँथनी बोर्डेन यांनी पन्नाशी उलटल्यावर सुरुवात करून 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत आपल्या वयोगटात निळ्या पट्ट्याचे सुवर्णपदक मिळवले. अभिनेते एड ओ'नील यांना 2007 मध्ये काळा पट्टा मिळाला, तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. असे दाखले उत्साह देतात. मात्र त्यांच्यामागे पैसा आणि मोकळा वेळ होता, हे विसरू नये.

दुखापतीचा विषय पुस्तिकांत दोन ओळींत उरकतात. प्रौढासाठी तोच मोठा. गुडघा, खांदा, मान आणि बोटांचे सांधे यांना जास्त धोका. टाच पिळण्याचा डाव, 'हील हूक', विशेष वाईट : वेदना कळेपर्यंत गुडघ्याचे अस्थिबंध फाटलेले असू शकतात. झग्यासारखा 'गी' घालून होणाऱ्या महासंघाच्या लढतींत तो बंदच आहे. पांढऱ्या पट्ट्याने उभ्या जोडीदाराच्या कमरेला उडी मारून पायांचा विळखा घालण्यासही मनाई आहे, कारण त्यात समोरच्याचा गुडघा जातो. कान घासून आत रक्त साकळले आणि वेळीच काढले नाही, तर ते कायमचे गाठाळतात. आपल्या पैलवानांत ती खूण मानाची समजतात, कचेरीत तिचे कौतुक होत नाही. नायटा आणि त्वचेचे जिवाणूसंसर्ग मॅटवरून झपाट्याने पसरतात. म्हणून नखे कापणे, गी दर खेपेस धुणे, लगेच अंघोळ करणे आणि अंगावर चट्टा दिसताच सराव थांबवणे हे शिस्तीत मोडते. रक्तदाब किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

शिकवणाऱ्याची पदके पाहून केंद्र निवडण्याची चूक बरेच जण करतात. नाव घालण्यापूर्वी एक संध्याकाळ कडेला बसून पाहावे. वजनदार विद्यार्थी नवख्याशी कसा लढतो, टॅप झाल्यावर पकड किती लवकर सुटते आणि चाळिशीपुढचे जुने सभासद मॅटवर दिसतात की नाही, हे तपासावे. ते दिसत नसतील, तर ते केंद्र सोडून दुसरे शोधावे.