क्रोमियम कुणी खात नाही

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत १९३०च्या दशकात एक चर्मालय चालायचं. गोपाळराव वाळुंजकर ते सांभाळत. विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीला राहायला गेले होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहू लागले. तेलघाणी, कागद, मधमाश्या अशा सगळ्या ग्रामोद्योगांमध्ये कातडी कमावणं हा सर्वांत वास मारणारा. कातडं घ्यायचं ते फक्त आपोआप मेलेल्या गुरांचं. ज्या कामाला हात लावला म्हणून गावाने माणसांना वेशीबाहेर ठेवलं, तेच काम शास्त्र म्हणून शिकायचं, असा तो प्रयोग होता.

या चर्मालयाची गोष्ट अहिंसा आणि अस्पृश्यता या दोन शब्दांवर थांबते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र सांडपाण्याबद्दल कुतूहल आहे.

खेड्यातलं कमावणं म्हणजे सालीचं कमावणं. बाभळीची साल, हिरडा यांतलं टॅनिन कातड्यात मुरायला कित्येक आठवडे लागतात. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं आणि हे आठवडे दिवसावर आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये ही पद्धत आणली. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमनेच कमावलं जातं.

सालीचं पाणी स्वच्छ असतं, असा गोड गैरसमज नको. ते काळपट असतं, घाण वास मारतं, ओढ्यातला प्राणवायू खाऊन मासे मारतं. पण ते सेंद्रिय आहे. आज ना उद्या जिवाणू त्याचा फडशा पाडतात. क्रोमियम मूलद्रव्य आहे. नेहमीच्या पद्धतीत कातडं साधारण ६० ते ७० टक्केच क्रोम शोषतं, उरलेलं पाण्याबरोबर बाहेर. मी सॉफ्टवेअरवाला; आमच्याकडे नको ते डिलीट करता येतं. मूलद्रव्य डिलीट होत नाही. त्यामुळे ‘विषारी धातू खाणारे जिवाणू’ असा मथळा दिसला की मी आधी विचारतो, खाल्लं, मग गेलं कुठे?

जिवाणूंना सांडपाण्याच्या कामाला लावण्याची कल्पना जुनी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडली, खाली बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या खेपेला वापरला, आणि शुद्धीकरणाचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आणला. त्यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये थेट बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. आपल्याकडे वर्ध्याहून दोन तासांच्या अंतरावर, नागपुरात, १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ मध्ये तिचं नाव ‘नीरी’ झालं. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या आधी, १९६९ मध्येच केला होता आणि सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही नेमलं. केंद्राचा कायदा १९७४ चा.

क्रोमियमचं गणित असं. त्याची दोन रूपं महत्त्वाची. सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं, पेशीत घुसतं, कर्करोगाला कारण ठरतं. मुलामा देणाऱ्या आणि क्रोमेट बनवणाऱ्या कारखान्यांतून ते जास्त येतं. चर्मोद्योगातलं त्रि-संयुजी रूप पुष्कळ सौम्य, आणि पाणी आम्लधर्मी नसेल तर ते हायड्रॉक्साइड होऊन तळाला बसतं. १९७७ मध्ये रोमानेन्को आणि कोरेन्कोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मैलागाळातून असा जिवाणू वेगळा केला, जो प्राणवायू नसताना श्वसनासाठी क्रोमेट वापरतो आणि सहाचं तीन करून टाकतो. नंतर असे अनेक जिवाणू सापडले. क्रोमेटची ठेवण सल्फेटसारखी असल्याने पेशी फसते आणि सल्फेट समजून त्याला आत घेते. त्यामुळे काही जिवाणूंचं हे काम उपजीविका नसून स्वतःचा जीव वाचवण्याची धडपड असावी, असं मला वाटतं.

कारखान्यात हेच काम रसायनांनी होतं: आधी आम्ल, मग फेरस सल्फेट किंवा मेटाबायसल्फाइट, मग चुना. खर्चिक, आणि गाळ भरपूर. जिवाणू मळीवरही जगतात. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात एकच धातू असतो. कारखान्याच्या नाल्यात एका पाळीला आम्ल येतं, दुसऱ्या पाळीला तेल, आणि पंधरा दिवसांची पोसलेली वसाहत रात्रीत मरते. मला हा प्रश्न जीवशास्त्रापेक्षा व्यवस्थापनाचा वाटतो.

आणि सगळं जमलं तरी गाळ उरतोच. तो अस्तर घातलेल्या भरावभूमीत पुरायचा. नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या बुटीबोरीत अशी सामायिक सोय आहे. मात्र मातीतली मँगनीजची ऑक्साइडं तीनचं क्रोमियम पुन्हा सहा करू शकतात. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून हे वाक्य मी दोनदा वाचलं.

नेदरलँड्समधल्या बुडेलच्या जस्त कारखान्याखालचं भूजल दूषित झालं होतं. तिथे १९९२ पासून सल्फेटचं सल्फाइड करणारे जिवाणू कामाला लावले गेले. जस्त सल्फाइड होऊन बाहेर पडतं आणि त्याच कारखान्याच्या भट्टीत परत जातं, पुरावं लागत नाही. चर्मोद्योगासाठी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची युक्ती आणखी साधी: क्रोमचं पाणी बाकी सांडपाण्यात मिसळूच द्यायचं नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडने क्रोम खाली बसवायचं, गंधकाम्लात विरघळवायचं आणि पुन्हा कातड्यालाच लावायचं. तिथे जिवाणूंना बोलवायची वेळच येत नाही.