जात्याचा खुंटा

जाव्हा बेटावरील बटाविया, म्हणजे आजचे जाकार्ता. १८९० च्या सुमारास तेथील एका प्रयोगशाळेच्या अंगणातल्या कोंबड्या लंगडू लागल्या. पाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी रोगाचे जंतू शोधीत बसलेल्या ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टराला कारण सापडले ते स्वयंपाकघरात. लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात या कोंबड्यांना घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केला आणि त्या बऱ्या झाल्या. सडताना टाकून दिलेल्या कोंड्यातच काही जीवनदायी होते. १९२६ मध्ये त्याच शहरी यान्सेन व डोनाथ यांनी कोंड्यातून त्याचे स्फटिक काढले. तेच आपले जीवनसत्त्व ब-१.

पण चिमूटभर द्रव्यावाचून एवढा अनर्थ का व्हावा? हे कोडे ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांनी कबुतरांच्या साहाय्याने उकलले. नुसत्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कबुतराची मान मागे वळून आखडे. जीवनसत्त्व दिले की काही तासांतच ते सावरे! म्हणजे मेंदू मेला नव्हता, नुसता अडला होता. १९३० च्या सुमारास पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मेंदूचा लगदा काचपात्रात ठेवून पाहिला. साखर हाताशी असूनही तो प्राणवायू कमी घेई. किंचित जीवनसत्त्व घालताच त्याचे श्वसन सुधारे.

१९३७ साली जर्मनीत लोमान व शूस्टर यांनी पुढचा दुवा जोडला. शरीर ब-१ ला फॉस्फेटची जोड देऊन एक संयुग बनविते. ते नसले की साखरेचे ज्वलन अर्ध्या वाटेवर, पायरूविक आम्लापाशी, थबकते. कणगी भरलेली आहे, जातेही आहे. खुंटा मात्र नाही! आपला मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. तेव्हा झळ त्याला लवकर पोचते.

या ज्ञानाची कसोटी पुढे युद्धात लागली. १९४२ साली सिंगापूर पडले आणि युद्धकैद्यांच्या वाट्याला पांढऱ्या भाताखेरीज फारसे काही येईना. डी वॉर्डनर व लेनॉक्स या डॉक्टरांनी तिथल्या ५२ रुग्णांची हकीगत १९४७ मध्ये प्रसिद्ध केली: बुबुळे थरथरताहेत, मन भ्रमिष्ट झाले आहे. ब-१ वेळेवर मिळणे हाच त्यांचा आधार होता. आजही दीर्घ उपासमारीने खंगलेल्या रुग्णाला नुसती साखर शिरेतून देऊन डॉक्टर थांबत नाहीत; ब-१ ही देतात.

मोठ्या माणसाची रोजची गरज जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या आज्या-पणज्या उखळात तांदूळ सडीत, तेव्हा थोडा कोंडा दाण्याला चिकटून राही. त्यांना ब-१ ठाऊक नव्हते. पण घरच्यांच्या पोटात ते रोज जात होते.