शून्य की गैरहजर?

गुणपत्रिकेत ‘शून्य’ आणि ‘गैरहजर’ यांत आपण फरक करतो. बांधकामावरच्या अवजड यंत्रांनाही तो शिकवावा लागला.

जुन्या खोदयंत्रात तेलाचा दाब दाखवणारा विजेचा काटा एका टोकाला जाऊन थांबला, तर दाब बिघडला की तार तुटली, हे त्यावरून कळत नसे. पुढे इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे आले आणि संवेदकांची नवी रीत रूढ झाली. शून्य दाबाला ०.५ व्होल्ट, पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट. मग ० किंवा ५ व्होल्ट आले, तर ते दाबाचे माप नव्हेच. ती तारेतल्या किंवा संवेदकातल्या दोषाची खूण.

१९८६ साली बॉश कंपनीने डेट्रॉइट येथे ‘कॅन’ ही संदेशवहन पद्धती मांडली. तिच्यावर आधारलेले ‘जे १९३९’ हे मानक १९९०च्या दशकात आले. त्यातील पहिला आकडा राशीचा, दुसरा बिघाडाच्या प्रकाराचा. इंजिनाच्या तेलदाबाचा क्रमांक १००. ‘१००-१’ म्हणजे दाब खरोखरच धोक्याइतका कमी. इंजिन तत्काळ थांबवायचे. ‘१००-४’ म्हणजे व्होल्टता मर्यादेखाली. इथे संशय निरोप्यावर.

तरीही दोषी कोण, हे आकडा सांगत नाही. जाणता मिस्त्री संवेदकाची जोडणी सोडवून पाहतो. अनेक यंत्रांत ४ चा ३, म्हणजे ‘व्होल्टता जास्त’, झाला, तर तार बहुधा ठीक, संवेदक बिघडलेला. ४ तसाच राहिला, तर तार तपासायची.

प्रयोगशाळेत काटा शून्यावर दिसला, की विद्यार्थ्यांना हेच विचारावे: हे शून्य मोजलेले आहे, की मोजमापच झालेले नाही?